फोटोग्राफर कुठे उभा होता?

ढगातून वर आलेला काळा कातळ, खाली हिरवा उतार आणि फोटोखाली एकच ओळ: ‘हा कोणता किल्ला?’ डोंगरवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाळाभर हा प्रश्न पडत असतो. पाच मिनिटांत राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड आणि ‘आमच्या मामाच्या गावामागचा डोंगर’ अशी चार उत्तरं येतात आणि चौघेही आपापल्या उत्तरावर ठाम असतात. चौघांनीही शिखराचा आकार पाहिलेला असतो. घोळ तिथेच होतो.

आकारासारखी फसवी खूण दुसरी नाही. राजगडच घ्या. बाजूने पाहिलं तर मधे बालेकिल्ला आणि दोन्हीकडे पसरलेल्या माच्या, म्हणजे अगदी पुस्तकातला राजगड. तोच तोरण्यावरून पाहा. संजीवनी माची आपल्याच दिशेने येते, तिची सगळी लांबी आखडते आणि समोर एक वेगळाच, अरुंद डोंगर उभा राहतो. त्यात फोटो टेलिफोटो लेन्सने काढलेला असला, तर दहा किलोमीटर मागची रांग पुढच्या सोंडेला येऊन चिकटते.

म्हणून मुरलेली माणसं शिखराचं नाव नंतर शोधतात. आधी शोधतात फोटो काढणाऱ्याची जागा. तो कुठे उभा होता आणि कुठल्या दिशेला बघत होता, एवढं कळलं की नाव नकाशाच सांगतो.

दिशेसाठी सह्याद्रीने आपली मोठी सोय करून ठेवली आहे. मुख्य धारेवर पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा असतो आणि पूर्वेला उतरत जाणारं पठार. फोटोत कडा डावीकडे असेल तर कॅमेऱ्याचं तोंड बहुधा उत्तरेला, उजवीकडे असेल तर दक्षिणेला. मुख्य धार सोडून फुटलेल्या रांगांना हा नियम लागू नाही, पण सुरुवात करायला पुरतो. मग सावल्या पाहायच्या. आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे सावली उत्तरेला पडते. मात्र पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो. तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी उत्तरेला असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या फोटोवर हिवाळ्यातला हिशेब लावला, तर अख्खी दिशा उलटी निघते.

आपल्या दगडाचाही उपयोग होतो. हे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेले. टणक थराचा कडा होतो, मऊ थराचा गवताळ उतार, आणि हे पट्टे बऱ्याच ठिकाणी जवळजवळ आडवे असतात. फोटोत ते एका बाजूला कललेले दिसले, तर बहुतेक वेळा कॅमेराच वाकडा धरलेला असतो. फोटो सरळ करून घ्यायचा आणि मग क्षितिजाची रेष आखायची. त्या रेषेच्या वर जे डोकं काढतं ते फोटोग्राफरपेक्षा उंचावर, खाली राहतं ते त्याच्यापेक्षा ठेंगणं. एवढ्या एका रेषेने निम्मे उमेदवार बाद होतात.

खरी किल्ली मात्र जोड्यांमध्ये आहे. सिंहगडावरून नैर्ऋत्येकडे पाहिलं की राजगड डावीकडे आणि तोरणा उजवीकडे दिसतो, दोघांत साधारण २५ अंशांची फट. पुरंदरावरूनही क्रम तोच राहतो, पण फट पार आवळते आणि तोरणा राजगडाच्या मागे सरकल्यासारखा वाटतो. रायगडावरून पूर्वेला पाहिलं तर क्रमच उलटतो: तोरणा डावीकडे आणि जवळ, राजगड उजवीकडे आणि लांब. म्हणजे धुक्यामुळे दोन्ही गड नुसते करडे ठिपके झाले असले, तरी कोण कुठल्या बाजूला आणि किती अंतरावर एवढ्यावरून फोटो कुठल्या गडावरचा ते सांगता येतं.

याच्या पुढची पायरी कागदावर करायची. पुढची एखादी खिंड आणि तिच्या बरोबर मागे आलेला सुळका शोधा. नकाशावर दोन्हींतून जाणारी रेष ओढून अलीकडे वाढवा. फोटोग्राफर त्याच रेषेवर कुठेतरी होता. दुसरी अशी जोडी मिळाली की दुसरी रेष, आणि दोन्ही जिथे छेदतात ती त्याची जागा. नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, असलं तर काम आणखी सोपं. रतनगडाच्या किंवा राजगडाच्या सुवेळा माचीच्या नेढ्यातून पलीकडचं आकाश ठरावीक दिशांनीच दिसतं.

जुन्या स्लाइड स्कॅन करताना एक घोटाळा नेहमी होतो. स्लाइड उलटी लागते आणि डोंगर आरशात पाहिल्यासारखे येतात. कळसूबाईच्या रांगेतले तीन गड घ्या. उत्तरेकडून, आंबेवाडीच्या बाजूने, डावीकडून अलंग, मदन, कुलंग असा त्यांचा क्रम दिसतो. रतनगडावरून पाहिलं तर कुलंग, मदन, अलंग आणि पार उजवीकडे कळसूबाई. फोटो रतनगडावरचा म्हणून आला आणि कळसूबाई डावीकडे निघाली, तर आधी फोटो फिरवून पाहावा. माणसाच्या आठवणीवर शंका नंतर घेता येईल.

हे सगळं आता मोबाइल करतो, हेही खरं. पीकफाइंडरसारखं ॲप समोरच्या क्षितिजावर नावं लिहून देतं, गूगल अर्थमध्ये हव्या त्या माचीवर उभं राहता येतं. पण या साधनांखालची उंचीची माहिती बरीचशी उपग्रहांनी आणि अवकाशयानांनी केलेल्या मोजणीतून येते. २००० साली ‘एंडेव्हर’ यानाने रडारने केलेली मोजणी त्यातली प्रसिद्ध. तिच्यात जमीन साधारण तीस-तीस मीटरच्या चौकटींत मोजलेली आहे. एवढ्या चौकटीत जीवधनशेजारची वानरलिंगी नीट बसत नाही, नेढ्याची तर बातच सोडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी टोपोशीटवरही समोच्च रेषा वीस मीटरला एक. साठ फुटी सुळका दोन रेषांच्या मधे हरवू शकतो. म्हणजे सह्याद्रीत ज्या खुणांनी डोंगर पटकन ओळखू येतो, नेमक्या त्याच यंत्राला अंधूक दिसतात. ॲपने दाखवलेला गोलसर उंचवटा आणि फोटोतला टोकदार सुळका एकच आहेत, हे बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

या विद्येने एकदा एका नामवंताची पंचाईत केली होती. अमेरिकी धाडसवीर फ्रेडरिक कुक याने १९०६ साली अलास्कातलं, डेनाली म्हणूनही ओळखलं जाणारं ६,१९० मीटरचं शिखर सर केल्याचं जाहीर केलं. पुरावा म्हणून फोटो होता: माथ्यावर झेंडा धरलेला त्याचा साथीदार एड बॅरिल. १९०९ मध्ये बॅरिलनेच शपथेवर सांगितलं की आम्ही माथ्यावर गेलोच नाही. शपथा काय, दोन्ही बाजूंनी घेता येतात. १९१० मध्ये बेलमोर ब्राउन आणि हर्शेल पार्कर तो कातळ शोधायला निघाले. फोटोतला खडक आणि भोवतालचे डोंगर जुळवत ते रूथ हिमनदीच्या परिसरातल्या एका किरकोळ टेकाडावर पोहोचले आणि तिथून त्यांनी तसाच फोटो काढला. मुख्य शिखरापासून ती जागा सुमारे तीस किलोमीटर दूर होती, आणि तिची उंची होती साधारण १,६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढी. कुकचे पाठीराखे तरीही पुढे अनेक वर्षं भांडत राहिले. १९९० च्या दशकात त्या फोटोची न कापलेली प्रत संशोधकांना मिळाली. छापताना काठावरचा जो मुलूख कापला गेला होता, तो तिच्यात होता, आणि तो त्या टेकाडावरून दिसणाऱ्या देखाव्याशी जुळला.

तेव्हा ग्रुपवर कोडं आलं की आधी मूळ फोटो मागवावा. इन्स्टाग्रामसाठी चौकोनी कापलेल्या फोटोत शिखर छान मधोमध येतं, पण कोपऱ्यातला अर्धा सुळका, धरणाच्या पाण्याचा काठ, खिंडीतला विजेचा मनोरा हे सगळं गेलेलं असतं. शिवाय मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ती नोंद गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. घाईत असाल तर तेवढंच करा, नकाशा उघडायचीही गरज नाही.