सारखा न्यूमोनिया अन् प्लेटलेट्स कमी. आजार दोन की एकच?

छत्रपती संभाजीनगर : लेकराला सारखा न्यूमोनिया, कान वाहतो. मग अंगावर काळेनिळे डाग. प्लेटलेट्स घटलेल्या, पण डेंग्यू निघत नाही. घरच्यांना वाटतं आजार दोन. कधीकधी मूळ एकच असतं, जन्मजात जनुकदोष. प्रतिकारशक्ती जंतूंना अडवत नाही आणि तिला आवर घालणाऱ्या पेशीही बिघडलेल्या असतात. मग कुंपणच शेत खातं. शरीर स्वतःच्याच रक्तावर, सांध्यांवर उठतं. अशात नुसत्या स्टेरॉइडने प्लेटलेट्स वाढतील, पण जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणून घाटी रुग्णालयात जाताना जुनी सगळी कागदं न्या. मामाच्या मुलीशी, नात्यात लग्न झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यात लाज कसली? पुढची खास तपासणी मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या संस्थेत होते. तोवर चालू स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नका.