तिकीटबारी आणि सुपरहिरोंची पत

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ या चित्रपटाने २०१९ साली जगभरच्या तिकीटबारीवर सुमारे २८० कोटी डॉलरांचा गल्ला जमवला, आणि त्यानंतर साडेचार वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच मार्व्हल स्टुडिओचा ‘द मार्व्हल्स’ हा चित्रपट जेमतेम २०.६ कोटी डॉलरांवर थांबला. प्रेक्षकांना सुपरहिरोंचा कंटाळा आला, असे या घसरणीचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. परंतु ते खरे असते, तर पुढच्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने १३० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला नसता. या चढउतारांचा उलगडा व्हायचा असेल, तर व्यापारात ज्या गोष्टीला ‘पत’ म्हणतात, ती या चित्रपटांनी कशी मिळवली आणि कशी खर्च केली, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील कॉमिक्समध्ये, म्हणजे चित्रमालिकांच्या स्वस्त अंकांमध्ये, १९३८ साली सुपरमॅन अवतरला आणि अलौकिक शक्ती, विशिष्ट वेश व बहुधा एक दडवलेली ओळख असलेल्या नायकांची परंपरा तेथून रूढ झाली. १९७८चा ‘सुपरमॅन’ आणि १९८९चा ‘बॅटमॅन’ या चित्रपटांनी असे नायक पडद्यावरही पैसा मिळवून देतात हे दाखवले होते. तरीही मार्व्हल ही प्रकाशनसंस्था १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि त्याच दशकात आपल्या लोकप्रिय पात्रांचे चित्रपटहक्क तिने इतरांच्या हाती दिले. एक्स-मेन फॉक्सकडे गेले आणि स्पायडर-मॅन सोनीकडे. २००२ मध्ये सोनीच्या ‘स्पायडर-मॅन’ने अमेरिकेत पहिल्या तीनच दिवसांत १० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली, जी त्याआधी कोणत्याही चित्रपटाला साधली नव्हती, मात्र त्या नफ्याचा मोठा वाटा पात्राच्या मूळ मालकाच्या पदरी पडला नाही.

२००५ साली मार्व्हलने मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरांच्या कर्जाची सोय करून घेतली आणि तारण म्हणून आपल्याकडे उरलेल्या दहा पात्रांचे चित्रपटहक्क ठेवले, म्हणजे चित्रपट पडले असते तर पात्रेच सावकाराच्या हवाली झाली असती. या व्यवस्थेतून उभा राहिलेला पहिला चित्रपट, २००८चा ‘आयर्न मॅन’, सुमारे ५८ कोटी डॉलर मिळवून गेला, आणि पुढच्याच वर्षी डिस्नेने मार्व्हल कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरांना विकत घेतली. आज या उद्योगाची अवाढव्यता पाहताना हे ध्यानात ठेवावे की त्याचा पाया उरल्यासुरल्या, त्या काळी दुय्यम समजल्या जाणाऱ्या पात्रांवर रचला गेला, आणि म्हणूनच प्रत्येक पात्राची मांडणी तेव्हा विलक्षण काळजीने झाली.

मार्व्हलचा खरा शोध कथाविश्वाचा होता. एका चित्रपटातील नायक दुसऱ्यात डोकावतो, शेवटच्या श्रेयनामावलीनंतर पुढच्या कथेचे सूचन होते आणि सुट्या वाटणाऱ्या गोष्टी अखेरीस एका मोठ्या संघर्षात मिळतात. मासिकांतील क्रमशः कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला या ओढीची ताकद वेगळी सांगायला नको. अकरा वर्षांत आलेल्या २२ चित्रपटांनी ही ओढ टिकवली, आणि ‘एंडगेम’च्या तिकिटात प्रेक्षकाने त्या अकरा वर्षांच्या सोबतीचे मोल मोजले, एकट्या चीनमध्ये ६० कोटी डॉलरांहून अधिक आणि भारतात कर वजा जाता ३५० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न त्याला मिळाले.

ही पत पुढे फार वेगाने खर्च झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्नेने स्वतःची ऑनलाइन प्रसारणसेवा सुरू केली, तिच्या वर्गणीदारांसाठी २०२१ पासून याच कथाविश्वातील मालिका येऊ लागल्या, आणि त्याच वर्षापासून २०२३ अखेरपर्यंत दहा चित्रपटही चित्रगृहांत उतरले. ‘द मार्व्हल्स’मधील तीन नायिकांपैकी दोघींची पूर्वकथा दोन वेगळ्या मालिकांमध्ये विखुरलेली होती. पूर्वी अशी पूर्वओळख आनंद वाढवत असे, आता ती तिकिटाआधीची सक्तीची अभ्यासपुस्तिका झाली. करोनाची साथ आणि सुमारे साडेतीन वर्षे चिनी बाजारपेठेचे बंद राहिलेले दार यांनी नुकसान वाढवले हे खरे, पण मूळ दुखणे घरातलेच होते. अतिउत्पादनाने लक्ष विखुरले, हे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी स्वतः मान्य केले आणि २०२४ मध्ये चित्रपट वर्षाला दोन, फार तर तीन, आणि मालिका दोनच्या आसपास ठेवण्याचे धोरण जाहीर केले.

गल्ल्याचे आकडे वाचताना एक हिशेब विसरता येत नाही. तिकिटाच्या पैशातील साधारण निम्मा भाग चित्रगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च निर्मितिखर्चाहून वेगळा असतो, त्यामुळे निर्मितिखर्चाच्या सुमारे अडीचपट गल्ला जमल्याशिवाय चित्रगृहांतून नफा झाला असे मानले जात नाही. २०२५चा ‘थंडरबोल्ट्स’ समीक्षकांनी नावाजला, पण सुमारे १८ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाचा गल्ला ३८ कोटींच्या आसपास राहिला. त्याच वर्षी जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ ६१ कोटींच्या थोडा पुढे गेला आणि ‘फँटॅस्टिक फोर’ सुमारे ५२ कोटींवर अडला. पूर्वी हे आकडे घवघवीत यशाचे ठरले असते. आज खर्चानेच त्यांना तोकडे करून टाकले आहे. ‘जोकर’ची दोन रूपे याची साक्ष देतात: २०१९चा पहिला भाग ७ कोटी डॉलरांच्या आत तयार होऊन १०० कोटींच्या पुढे गेला, तर २०२४चा दुसरा भाग १९ कोटींच्या घरात खर्च करून सुमारे २० कोटीच मिळवू शकला.

भविष्याची आशादायक खूण म्हणूनच हॉलिवूडच्या बाहेर अधिक ठळक दिसते. डॉमिनिक अरुण यांच्या ‘लोका: चॅप्टर १ – चंद्रा’ या मल्याळम चित्रपटाने २०२५ मध्ये केरळच्या लोककथांतील नीली या यक्षीला आजच्या शहरात आणले आणि सुमारे ३० कोटी रुपयांच्या खर्चावर जगभरात ३०० कोटींच्या पुढे मजल मारली. मराठीत २०१५ सालच्या ‘बाजी’ने हा प्रकार हाताळून पाहिला होता, आणि २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ मराठीतही भाषांतरित होऊन आला, ज्यात मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून मुंबॅटन नावाचे नगरही उभे केले होते. वेताळ, साती आसरा, गावोगावचे राखणदार अशी संपदा पदरी असलेल्या भाषेने परक्याने रंगवलेल्या मुंबईवर समाधान मानू नये. तिच्या निर्मात्यांनी आपल्या राखणदारांना पडद्यावर यायची वाट करून द्यावी.

मार्व्हलने मात्र आपली जुनी ठेव मोडायचे ठरवले आहे. डिसेंबर २०२६ साठी जाहीर झालेल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी ‘एंडगेम’चे दिग्दर्शक रुसो बंधू परतले असून, आयर्न मॅन म्हणून ‘एंडगेम’मध्ये मृत्यू पावलेले रॉबर्ट डाउनी ज्युनिअर या वेळी डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत आहेत. ओळखीच्या चेहऱ्याच्या बळावर पहिल्या तीन दिवसांची गर्दी मिळवता येते, परंतु पाहून आलेल्याने शेजाऱ्याला काय सांगितले, हे त्यानंतरच्या आठवड्यात उमटते. ‘द मार्व्हल्स’ची अमेरिकेतील कमाई दुसऱ्या शनिवार-रविवारी ७८ टक्क्यांनी कोसळली होती. ‘डूम्सडे’चे यशापयश ठरवू पाहणाऱ्या वाचकाने पहिल्या विक्रमांच्या बातम्या बाजूला ठेवून त्याच्या दुसऱ्या आठवड्याचा आकडा पाहावा.