हवाई दलातील 32 महिला अधिकाऱ्यांना न्याय

नोएडातील अरुण विहारसारख्या वसाहतींत राहणाऱ्या निवृत्त सैनिकांना, निवृत्तिवेतन हे केवळ उपजीविकेचे साधन नसून राष्ट्राने सेवेची राखलेली बूज असते, हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच हा मान ज्यांना दीर्घकाळ लाभला नाही, त्या भारतीय हवाई दलातील 32 महिला अधिकाऱ्यांची हकीकत प्रत्येकाने अगत्याने वाचावी.

1993 ते 1998 या काळात अल्प मुदतीच्या सेवेत रुजू झालेल्या या अधिकाऱ्यांना, कायम नेमणुकीसाठी आपला विचार होईल अशी आशा सरकारच्या 1991 च्या धोरणामुळेच वाटत होती. परंतु मुदतवाढी देऊनही अखेरीस 2006 ते 2009 च्या दरम्यान त्यांना सेवामुक्त करण्यात आले, आणि निवृत्तिवेतनास आवश्यक अशी 20 वर्षे पुरी न झाल्याने त्या हक्कासही त्या मुकल्या. 12 मार्च 2010 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्यात महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने निवाडा दिला, तरी या 32 जणींना मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागावी लागली.

तेथे 16 नोव्हेंबर 2022 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, पुनर्नियुक्ती व वेतनाची थकबाकी वगळून, पात्र ठरणाऱ्यांची 20 वर्षांची सेवा पुरी झाली असे मानून त्यांना निवृत्तिवेतनाचे लाभ द्यावेत, असा हुकूम केला.

कर्तव्यनिष्ठ सेवेची कदर विलंबाने झाली तरी ती अवश्य व्हावी, आणि पुढील पिढीतील अधिकाऱ्यांना मात्र त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, हीच माझी मनःपूर्वक अपेक्षा आहे.