दार उघडल्यानंतर

विद्यापीठाचे दार उघडले, फी माफ केली, शिष्यवृत्ती दिली, की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. मागाहून तो विद्यार्थी नापास झाला म्हणजे म्हणतो, "पायाच कच्चा, त्याला कोण काय करणार?" हे निदान कितपत खरे आहे?

अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कले येथे, १९७० नंतरच्या दशकात पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. इंजिनियर व्हायचे तर हा विषय ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. यूरी ट्राइसमन या तरुण संशोधकाने प्राध्यापकांना कारण विचारले. गरिबी, घरची अनास्था, जिद्दीचा अभाव, शाळेतील अपुरी तयारी, अशी उत्तरे आली. मग त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले व त्यांच्यात वावरून त्यांचा अभ्यास पाहिला.

एकही उत्तर टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती. आईबापांची त्यांच्यावर मोठी आशा होती. पण ती एकेकटी अभ्यास करीत. शाळेत हाच एकलकोंडेपणा त्यांना तारून गेला होता. येथे तोच नडला. चिनी मुले आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवीत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. आपल्याला आलेली अडचण सर्वांनाच आली आहे, एवढे कळले तरी धीर येतो. एकट्याला मात्र वाटते, उणीव माझ्यातच आहे.

म्हणून १९७८ च्या सुमारास ट्राइसमनने अभ्यासमंडळे काढली. ती 'कच्च्यांचे वर्ग' नव्हती. गुणवंतांसाठी म्हणून ती चालविली, नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली आणि ती चारचौघांत सोडवायला लावली. नापासांचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे इतर विद्यापीठांनीही ही रीत उचलली.

आपल्याकडे ही दृष्टी अपरिचित नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहेही आली. शिष्यवृत्तीने प्रवेश मिळतो. पण रात्री अडलेले गणित कोणाला विचारावे, याचे उत्तर शेजारच्या खोलीत असावे लागते.

तेव्हा आपल्या गावच्या महाविद्यालयात दुरून आलेला, घराण्यात पहिलाच शिकणारा मुलगा मागे पडताना दिसला, तर त्याचा पाया तपासण्याआधी आपण एवढेच पाहावे: तो संध्याकाळी कोणाबरोबर अभ्यासाला बसतो?