क्रिकेटची जुनी कार्डे : विक्रीपूर्वीची प्रतवारी

कसोटी सामन्यात द्विशतक झळकविणारे पहिले भारतीय फलंदाज पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी ज्या सोलापुरात झाला, त्या शहरातील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, वाडवडिलांच्या दप्तराखाली, क्रिकेटपटूंच्या चित्रांची कार्डे भरलेली पत्र्याची पेटी निघावी, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. नवल वाटते ते तिच्या वारसांचे, कारण पेटी हाती येताच ते व्यापाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात, "सगळ्याचे मिळून काय द्याल?" आणि त्या एका प्रश्नात निम्मा व्यवहार हरून बसतात.

अशा पेटीत दोन काळांतील जिन्नस सरमिसळ झालेले असू शकतात. एक, विलायती सिगारेटच्या पाकिटांतील चिमुकली कार्डे : विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंचा पन्नास कार्डांचा संच काढला, जॉन प्लेयर कंपनीने १९३०, १९३४ व १९३८ साली तसेच संच प्रसिद्ध केले, आणि महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४० साली ही प्रथा बंद पडली. दुसरी, 'बिग फन' बबलगमबरोबर मिळणारी, धावा व बळी छापलेली कार्डे, ज्यांची बेरीज जुळवून बक्षीस पदरात पाडण्यासाठी ऐंशीच्या दशकातील मुलांनी खाऊचे पैसे खर्ची घातले.

बाजार समितीत कांदा आणणारा शेतकरी मोठा माल वेगळा ठेवतो व गोल्टी वेगळी ठेवतो; कारण सरमिसळ ढिगाला भाव लागतो तो त्यातल्या हलक्या मालाचा. कार्डांचा न्याय याहून निराळा नाही. एकगठ्ठा घेणारा व्यापारी निवडण्याचे श्रम आणि न खपणाऱ्या मालाची जोखीम अंगावर घेतो, व त्या दोहोंचा मोबदला विकणाऱ्याच्या किमतीतून कापून घेतो. म्हणून प्रथम मोजदाद करावी, आणि कंपनी, साल, पाठीवरील अनुक्रमांक, खेळाडू व स्थिती अशा रकान्यांची यादी तयार करावी.

स्थितीची परीक्षा घरीच बरीचशी होते. कार्ड कडांनी धरून खिडकीच्या तिरप्या उजेडात फिरविले, की सपाट भासणाऱ्या पृष्ठभागावरची घडी व ओरखडा उमटून दिसतो. मग चारही कोपरे, कडा आणि चित्राभोवतीच्या समासाची समानता पाहावी, व पाठीमागे अल्बमच्या खळीचा डाग आहे काय तेही तपासावे. पुसणे, कातरणे, रंग भरणे या सुधारणा मात्र कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांनी किंमत बुडतेच.

हीच परीक्षा अमेरिकेत धंदा होऊन बसली आहे. १९९१ साली स्थापन झालेल्या पीएसएसारख्या संस्था शुल्क घेऊन कार्डास दहापैकी गुण देतात व ते पारदर्शक आवरणात बंद करतात. २०२२ साली बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे कार्ड साडेनऊ गुणांच्या बळावर १ कोटी २६ लक्ष डॉलरांना गेले. त्याच वर्षी होनस वॅग्नरच्या कार्डास अवघे दोन गुण असूनही साडेबाहत्तर लक्ष डॉलर मिळाले, कारण ती कार्डे शिल्लकच मोजकी आहेत. अर्थात स्थिती आणि दुर्मिळता या दोहोंचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

हा हिशेब आपल्या पेटीस लावल्यास शेकडो कार्डांपैकी मूठभरच परीक्षेस पाठविण्यायोग्य ठरतील. बाकीच्यांचे शुल्क व टपालहशील किमतीपेक्षा भारी पडेल. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परदेशी धाडण्यावर १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याचे निर्बंध असल्याने, फार जुन्या कार्डांबाबत आधी चौकशी केलेली बरी.

तात्पर्य, निवडक कार्डे सुटी विकावीत, पूर्ण संच कदापि फोडू नयेत, आणि उरलेला ढीग बिनदिक्कत एकगठ्ठा द्यावा. त्या ढिगापुरता "सगळ्याचे मिळून काय द्याल?" हा प्रश्न सर्वस्वी शहाणपणाचा आहे.