थंडीच्या सकाळीं मोटार कां अडते?

हिंवाळ्यांत पहांटे मोटार सुरू होण्यास कुरकुर करूं लागली म्हणजे थंडीस बोल लावून मोकळें होण्याची आपली रीत आहे. मुंबईचें उदाहरण पाहिलें असतां ही समजूत अपुरी ठरते. तेथील नोंदींतील नीचांक ता. २२ जानेवारी १९६२ चा. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें ७.४ व कुलाब्यास ११.७ अंश सेल्सिअस तपमान होतें. गिरगांव, परळ, लालबाग या भागांत एरव्हींचा गारठा याहूनही सौम्य. तेवढ्यानें निरोगी इंजिन अडत नाहीं. तरी जानेवारींत तेथेंही मोटारी अडतातच. याचें मर्म आपणांसही जाणून घेणें अगत्याचें आहे. निफाडकडे पारा कित्येकदां ५ अंशांखालीं जातो. आणि झेंडू-शेवंती घेऊन दादरच्या फुलबाजारास निघावयाची गाडी अंगणांतच अडली, तर पहांटेचा बाजार हुकून मालाचा भाव जातो.

बॅटरीचा खरा शत्रु उन्हाळा होय. शिशाच्या पट्ट्या व पातळ गंधकाम्ल यांच्या रासायनिक क्रियेंतून तिची वीज निर्माण होते. एप्रिल-मेच्या उष्णतेनें आंतील पाणी उडतें, पट्ट्यांच्या जाळ्या झिजतात आणि बॅटरी आंतून खंगते. त्या दिवसांत इंजिन फिरविण्यास बळ थोडें लागत असल्यामुळें हा क्षय ध्यानांत येत नाहीं. पुढें गारठा पडला कीं रासायनिक क्रिया मंदावते, वंगणाचें तेल घट्ट होतें, आणि अधिक बळ हवें त्याच वेळीं तें कमी मिळतें. मुंबईंत याला दोन गोष्टींची भर पडते. दादर ते परळ अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत खर्चलेली वीज पुरती भरून निघत नाहीं. आणि खाऱ्या दमट हवेनें बॅटरीच्या टर्मिनलांवर क्षार चढतो. गांवांत आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीचीही गत अशीच होते.

इंधनाचा भाग निराळा आहे. थंडींत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या पद्मिनी टॅक्सीस याकरितां चोक ओढावा लागे. हवा कमी होऊन मिश्रण दाट होई. त्या जातीची शेवटची नोंदलेली टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. हल्लींच्या गाड्यांत तेंच काम तपमान मोजणारा सेन्सर व संगणक करितात. सेन्सर चुकला तर मिश्रण चुकतें. सी.एन.जी.वरील पुष्कळशा गाड्या प्रथम पेट्रोलवर सुरू होतात; टाकींतील थोडें पेट्रोल महिनोन्‌महिने शिळें झालें तर सकाळीं अडचण येते.

परीक्षा क्रमानें करावी. नवा भाग आधीं विकत घेऊं नये.

(१) किल्ली फिरवितांना आवाज ऐकावा. सेल्फ जड व मंद फिरत असून दिवे मंदावत असतील तर बॅटरी किंवा तिचीं जोडणीं पाहावीं. नुसता एकच ‘टक्’ आवाज आला तर जोडणीं व सेल्फ तपासावा.

(२) टर्मिनलें काढून, घांसून घट्ट बसवावीं. इंजिनाची अर्थिंगची तारही पाहावी. काढतांना ऋण टोंक आधीं, बसवितांना तें शेवटीं.

(३) रात्रभर उभ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी. भरलेल्या बॅटरीचा दाब सेल्फ मारतांना ९.६ च्या खालीं गेला तर ती जीर्ण समजावी. इंजिन चालू असतां साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. न मिळाल्यास दोष आल्टरनेटर अथवा त्याच्या पट्ट्याकडे.

(४) सेल्फ जोरानें फिरूनही इंजिन पेट घेत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाहीं. पेट्रोल गाडींत स्पार्क प्लग व इंधनाचा दाब पाहावा. डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच पेटतें. म्हणून त्यांत हीटर प्लग, फिल्टर व नळींत शिरलेली हवा तपासावी. हीटरचा दिवा विझल्यावरच सेल्फ मारावा.

सावधगिरीही हवी. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु स्फोटक असतो. जवळ बिडी-काडी नेऊं नये. दुसऱ्या गाडीची वीज घेतांना शेवटची ऋण तार बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडास, बॅटरीपासून दूर जोडावी. हीटर प्लग असलेल्या डिझेल इंजिनांत ईथरचा फवारा मारूं नये. बंद गोठ्यांत वा शेडांत इंजिन चालू ठेवूं नये; त्याचा धूर प्राणघातक आहे.

तात्पर्य, बॅटरीची तपासणी दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वींच करावी. बैलाचे खूर नांगरणीपूर्वीं पाहणारा शेतकरी एवढी दक्षता मोटारीविषयींही सहज बाळगूं शकेल.