तंत्रज्ञानावरील अवलंबित्व आणि पर्यायी व्यवस्थांचा ऱ्हास

आधुनिक तंत्रज्ञानाने मानवी जीवनाची सर्व अंगे व्यापली आहेत, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्यातून फारसा बोध होत नाही. प्रत्येक काळातील मनुष्य त्या काळातील साधनांवर अवलंबून असतोच. नांगर, जाते व चरखा हीदेखील तंत्रज्ञानाचीच रूपे होत. खरा प्रश्न साधन बंद पडल्यास मागे काय उरते, हा आहे. प्रस्तुत लेखात घर आणि कामाचे ठिकाण या दोन क्षेत्रांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

घर : भरवशातून येणारे अवलंबित्व

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. ते जाचक होते, यात शंका नाही. तथापि वीज जाणार हे गृहीतच असल्याने घरोघरी कंदील, भरून ठेवलेले पिंप आणि पाटा-वरवंटा वापरात राहिले. दळण केव्हा न्यावयाचे, हे गिरणी चालू असण्याच्या वेळेवर ठरत असे. पुढे पुरवठा जसजसा सुधारला, तसतशी ही साधने प्रथम माळ्यावर व नंतर भंगारात गेली. व्यवस्था जितकी भरवशाची, तितके तिच्यावरील अवलंबित्व अधिक खोल, असा हा विरोधाभास आहे.

मुंबई शहर हे त्याचे ठळक उदाहरण होय. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज मिळू लागली आणि १९२५ मध्ये शहरात विजेवरील पहिली रेल्वेगाडी धावली. राज्याच्या इतर भागांत भारनियमन असतानाही मुंबईचा पुरवठा बहुतांशी अखंड राहिला. विजेचे मुख्य जाळे कोसळल्यास शहर त्यापासून वेगळे करून स्थानिक निर्मितीवर चालविण्याची ‘आयलंडिंग’ नावाची योजनाही तेथे आहे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातील पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला, तेव्हा ही योजनाही टिकली नाही. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. उंच इमारतींत उद्वाहनाबरोबर पाण्याचा पंपही बंद पडला. तो करोनाचा काळ असल्याने घर हेच कार्यालय, वर्ग व परीक्षाकेंद्र झाले होते. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत दोन-अडीच तासांत, तर अन्यत्र त्याहून बऱ्याच उशिरा वीज आली. भारनियमनात दिवस काढलेल्या गावाला दोन तासांचा खंड नित्याचाच वाटला असता. मुंबईकरांजवळ मात्र त्या दोन तासांसाठी काहीच तजवीज नव्हती.

कामाचे ठिकाण : कौशल्याचा लोप

कामाच्या ठिकाणी साधनाबरोबर कौशल्यही लोप पावते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली ‘आयरनीज ऑफ ऑटोमेशन’ या शोधनिबंधात याची मीमांसा केली. नित्याचे काम यंत्राकडे सोपविले जाते आणि यंत्राला न झेपणारा असाधारण प्रसंग माणसावर येतो. पण नित्याचे काम सुटल्यामुळे माणसाचा हात बसलेला राहत नाही. ज्या क्षणी कौशल्य सर्वाधिक लागते, नेमक्या त्याच क्षणी ते उणे पडते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षाप्रणालीतील एका सदोष बदलामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. समाजमाध्यमांवर त्यांची थट्टा झाली. वस्तुतः ती गोष्ट प्रशंसेस पात्र होती. कारण कोरे पास शिल्लक होते आणि ते कसे भरावयाचे, हे जाणणारे कर्मचारीही होते.

अध्यापकवर्गाला अधिक जवळचे उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून तेथे उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन सुरू झाले. लाखो उत्तरपत्रिकांची प्रतिमा घेणे, त्या परीक्षकांकडे पाठविणे आणि गुण नोंदविणे ही साखळी एकाच सत्रात उभी करावयाची होती. परीक्षकांना पुरेसा सराव नव्हता. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि परदेशी वा अन्यत्र प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची कोंडी झाली. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या प्रकरणात दोष संगणकाचा नव्हता. पडद्यावरील मूल्यांकनाचे लाभ खरे आहेत: गुणांची बेरीज चुकत नाही आणि गठ्ठ्यांची वाहतूक वाचते. चूक झाली ती संक्रमणात. नवी पद्धत सिद्ध होईपर्यंत जुनी समांतर चालू ठेवली गेली नाही. परिणामी नवी अडखळताच मागे फिरण्यासाठी वाट उरली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक काम दोनदा करावयाचे, तर यंत्राचा उपयोग काय? एकच माहिती निरनिराळ्या संकेतस्थळांवर पुन्हापुन्हा भरणाऱ्या प्राध्यापकाला तर ही सूचना जाचकच वाटेल. म्हणून निवड करावी लागते. दैनिक हजेरीची नोंद एक दिवस चुकली तर ती दुरुस्त होऊ शकते. अंतर्गत गुण, प्रवेशाचा क्रम किंवा निकाल यांचे तसे नाही. अशा मोजक्या नोंदींची सही केलेली कागदी प्रत ठेवण्यास फार श्रम पडत नाहीत.

ग्रंथालयांत याचा अनुभव घेता येतो. संगणकीकरणानंतर अनेक महाविद्यालयांनी तालिकापत्रांचे खण मोडीत काढले आणि त्याची हळहळ थोड्यांनाच वाटली. परिग्रहण नोंदवही मात्र लेखापरीक्षणाच्या आग्रहामुळे अनेक ठिकाणी हाताने भरली जात राहिली. प्रणालीतील नोंदी नष्ट झाल्यास कोणता ग्रंथ केव्हा, कोणाकडून व किती किमतीस घेतला, हे त्या वहीतूनच पुन्हा उभे करता येते.